मास्तरांच्या पाठीचं माप

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. चाळीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची पाठ अशी गोल झाली होती, की चालताना पडलेली सुई शोधताहेत असं वाटे. पण आरशात ते ऐटबाज दिसत, कारण स्वतःचे शर्ट ते मागून लांब, पुढून आखूड बेतत आणि बाक बेमालूम झाकून टाकत. त्यासाठी स्वतःच्या मापाने कापलेला एक जुना कागद खुंटीला टांगलेला असे. गिऱ्हाइकाचं माप दर वेळी नव्याने घेणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र वीस वर्षांत टेप लावली नव्हती.

मग मान आखडू लागली. डॉक्टरांनी बजावलं, पाण्यातला व्यायाम करा, नाहीतर कात्री खाली ठेवा. कात्री ठेवून जगायचं कशासाठी, म्हणून मास्तर साठीत पोहण्याच्या तलावात उतरले. आजवर पाण्याशी त्यांचा संबंध कापड भिजवण्यापुरता. पहिल्या दिवशी त्यांनी कठड्याला मारलेली मिठी शिकवणाऱ्या बाईंना सोडवावी लागली. हळूहळू रुळले. छातीभर पाण्यात पुढे चालायचं, मागे चालायचं, भिंतीला पाठ टेकवून हात पाण्याखाली दाबायचे. पाणी अंग उचलून धरी आणि ते त्यांना मनापासून आवडू लागलं. घरी मात्र कुरकुर चालूच, की आठ महिने झाले, पदरात पडली ती फक्त सर्दी.

अशात त्यांनी खुंटीवरच्या त्याच कागदावरून स्वतःसाठी शर्ट शिवला. घातला, तर पाठीवर फुगा आणि पुढची कड बेंबीकडे निघालेली. दुसरा शिवला, तोही तसाच. आपला हात चुकायला लागला, असं मास्तर धरूनच चालले. दोन दिवस दुकान उघडलं नाही, शेजाऱ्यांचं शिवायला आलेलं कापड परत पाठवलं आणि मुलीला सांगितलं, मशीनला गिऱ्हाईक बघ.

मुलीने वाद घातला नाही. त्यांच्या गळ्यातली टेप काढून तिने त्यांचंच माप घेतलं, मागून आणि पुढून.

"बाबा, हात नाही चुकला. माप बदललंय. पाठीला दीड इंच कमी लागतंय. पाठ सरळ झालीय तुमची."

"टेप ढिली धरली असशील."

तिने पुन्हा मोजलं. दीड इंचच. मास्तरांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी मुलीलाच टेप धरायची रीत शिकवली. मग चपला घालून शेजाऱ्यांकडे कापड परत मागायला निघाले. दारातूनच मागे फिरले.

"अजून एकदा मोज बघू," ते म्हणाले.