जेवत्या माणसापुढचं ताट

जेवत्या माणसापुढचं ताट मी एकदा उचललं होतं. माणूसही साधंसुधं नव्हे, माझी थोरली नणंद, वरकुट्याच्या वन्सं. आणि इंदापूर-बारामती पालथं घातलं तरी वन्संइतकं मन लावून जेवणारं माणूस सापडायचं नाही.

आपण ताक पिऊन हात धुतो तेव्हा वन्संची भाकरी जेमतेम चतकोर सरलेली असते. बसल्यावर आधी ताटाकडे बघतात, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. मग भाकरीचा वास. "ज्वारी औंदाची न्हाय," म्हणतात, आणि ती नसतेच. तोंडातला घास सरल्याशिवाय दुसरा मोडत नाहीत. माझी नात एकदा मोबाईल बघत जेवत होती, तर म्हणाल्या, "बाय, तोंडात वांगं हाय का बटाटा, न बघता सांग." पोरीला सांगता येईना, मोबाईल मुकाट पालथा झाला. पोट भरलं की आमरसाच्या वाटीलाही हात जोडतात, "तू ग्वाड हायेस, पर जागा न्हाय." आग्रह करकरून दमलेल्या सुगरणी मी मोजल्या नाहीत, त्यांत पहिली मीच.

आता माझा पराक्रम. जळोचीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तेव्हाची मी म्हणजे पदर खोचलेली वावटळ. काम चांगलं होवो न होवो, उरकलं पाहिजे. दुसरी पंगत उन्हात ताटकळलेली. पहिलीतल्यांचे उष्टे हात वाळून गेलेले, पण सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि वन्संची बुंदी अजून निम्मी बाकी. मी ठसक्यात गेले, "झालं न्हवं वन्सं?" म्हणाले आणि उत्तराच्या आत ताट उचललं! वन्संचा घास हातातच राहिला. त्या तशाच उठल्या. आमच्याकडे एवढ्यावरून माणसं जन्माची तुटतात. आणि आईमागं आमच्या ह्यांना वाढवलं ते वन्संनीच. हे नुसतं म्हणाले, "आता अक्का ह्या घरात पाणीबी प्यायची न्हाय."

शेवटची पंगत उठली तेव्हा मी ओट्याशी उभी राहून, पोरांनी टाकलेला भात पातेल्यातल्या खरवडीत कालवून गिळत होते. मधूनच डोळे पुसत होते. वन्सं आत आल्या. वाटलं, निघाल्या, पिशवी न्यायला आल्या असतील. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, दोन ताटं वाढली आणि दंडाला धरून मला खाली बसवलं.

हल्ली वन्संचे दात गेलेत. भाकरी दुधात कुस्करावी लागते, तरी वेळ तेवढाच लागतो. वरकुट्याला गेले की मी शेजारी बसून राहते. जावं असं वाटत नाही. त्या दिवशी खाली बसवून त्या काय म्हणाल्या, ते मला शब्दाला शब्द आठवतं:

"माजं ताट उचाललंस, त्याचं जाऊ दे. तुजं तर कुणी मांडलंच न्हवतं गं. बस आता. माजं सरूस्तोवर उठायचं न्हाय."