काकूंच्या ताब्यातली डीव्हीडी

प्रत्येक घरात टेकअवेच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यांचा एक ढीग असतो. ते कोणी जमवले ते आठवत नाही, टाकून द्यायला मन होत नाही, आणि एक काढायला जावं तर सात अंगावर येतात. न्यूझीलंडमधल्या आमच्या पामर्स्टन नॉर्थच्या मंडळींकडे त्या सिरीयलचे किस्से असेच साठलेत. एक सांगायला घेतला की बाकीचे आपोआप बाहेर पडतात.

सिरीयल अमेरिकन. एका आडगावातल्या हायस्कूलची फुटबॉल टीम, तिचा वैतागलेला कोच, आणि मॅचच्या दिवशी दुकानं बंद करून मैदानावर जाणारं अख्खं गाव. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून हाताने खेळायचा. आम्ही चौघं शिकायला इथे आलो आणि नोकऱ्या लागल्यावर इथलेच झालो: मी, माझा नवरा सचिन, माझ्याच लॅबमधला मंदार आणि त्याची बायको शिल्पा. दर रविवारी दुपारी मंदारकडे जमायचं, खिचडी खायची आणि दोन भाग बघायचे, असा आमचा रिवाज होता.

२०१२ च्या हिवाळ्यात मंदारचे आईबाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आले आणि खरी मजा सुरू झाली.

* * *

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी घड्याळाकडे बघत गाड्या सोडण्यात गेलेली. पहिल्याच रविवारी मॅच अगदी रंगात आलेली, दोन मिनिटं उरलेली, आणि कोचने दोन्ही हातांचा इंग्रजी टी करून दाखवला. घड्याळ थांबलं.

"बंद पडलं का?" काकांनी विचारलं.

"टाइमआउट घेतला, बाबा. एका हाफमध्ये तीन मिळतात."

"म्हणजे हात असे केले की घड्याळ थांबतं?"

"हो."

काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि आम्ही पाच मिनिटं उशीर झाला की मेमो खायचो."

त्या दिवसापासून काकूंनी चहातल्या साखरेवरून बोलायला तोंड उघडलं की काका हातांचा टी करायचे. काकू ढिम्म. "हात खाली घ्या. मी तुमच्या टीममध्ये नाही," म्हणायच्या आणि पुढचं ऐकवायच्या.

* * *

आमचा एकच कडक नियम होता. कोणी एकट्याने पुढचे भाग बघायचे नाहीत.

तो शिल्पाने मोडला. पकडली गेली ती अशी, की एका रविवारी टीममधल्या मुलाची आजी टीव्हीवर छान हसत पॅनकेक करत होती आणि शिल्पा हमसून हमसून रडायला लागली. आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो. आजी गेली, पण पुढच्या सीनमध्ये!

मग सगळ्या डीव्हीडी काकूंच्या ताब्यात द्यायचं ठरलं. "माझ्याकडेच द्या," काकू म्हणाल्या, "मला त्या धक्काबुक्कीत काडीचा रस नाही." त्यांनी त्या पोह्यांच्या मोठ्या डब्यात ठेवल्या. रविवारी त्या मोजून एक काढून द्यायच्या आणि आमच्या मागे डायनिंग टेबलाशी टीव्हीकडे पाठ करून लसूण सोलत बसायच्या. मधूनच त्यांचा आवाज यायचा, "एवढी पोरं त्या कोचच्या घरी येतात, एकालाही कोणी जेवलास का विचारत नाही." पाठ तशीच असायची.

* * *

मंदारचा मुलगा अर्णव तेव्हा आठ वर्षांचा होता आणि शनिवारी सकाळी रग्बी खेळायचा. एका शनिवारी काका मैदानावर आले. कानटोपी, स्वेटर, त्यावर मंदारचं जॅकेट. सिरीयल बघून बघून त्यांना खेळ कळला होता, असं त्यांचं मत होतं.

अर्णवच्या हातात बॉल आला. समोर त्यांच्याच टीममधली एक मुलगी मोकळी उभी होती. काका ओरडले, "अर्णव, पुढे टाक! पुढे!"

पोराला मराठी बोलायला सांगा, शंभर सबबी सांगेल. पण समजतं सगळं. त्याने आज्ञाधारकपणे बॉल लांब, सरळ, सुरेख पुढे फेकला. रग्बीत त्या अमेरिकन फुटबॉलसारखा बॉल हाताने पुढे फेकायचा नसतो, हे त्या मैदानावरच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. शिट्टी वाजली.

अर्णव बाहेर येऊन म्हणाला, "आजोबा, that's the wrong country."

काकांनी ताबडतोब टाइमआउट मागितला.

* * *

लॅबमध्ये सोमवारी सकाळी मी आणि मंदार कालच्या भागावर बोलायचो. बोलायचो मराठीतच, पण मराठी कसली! "अरे, त्याची knee गेली ना, सर्जरी करावीच लागणार, आता स्कॉलरशिप कॅन्सल, मदर एकटी, इन्शुरन्स पण नाही." शेजारच्या बाकावर ज्यूडी दुधाचे नमुने तपासत असायची. साठीची, मितभाषी बाई.

मंगळवारी तिने माझ्यासमोर एक अख्खा बनाना केक ठेवला. "For the boy's mum," म्हणाली.

आमच्या मराठीतले इंग्रजी शब्द जोडून तिने कथा अचूक लावली होती! आता हिला काय सांगायचं? मी मंदारकडे बघितलं, मंदारने केककडे बघितलं. आम्ही थँक यू म्हटलं. पुढच्या सोमवारी तिने विचारलं, मुलगा कसा आहे. मंदारला वाटलं अर्णवबद्दलच विचारतेय, त्याच्या तोंडून निघून गेलं, "शनिवारी खेळतोय."

मग सगळं सांगावंच लागलं. ज्यूडीने ऐकून घेतलं आणि इथले लोक 'चालतंय की' अशा अर्थी म्हणतात तसं म्हणाली, "Sweet as. केकचा डबा तेवढा परत आणा."

* * *

व्हिसा संपत आला तेव्हा एकच भाग राहिला होता. अगदी शेवटचा, फायनल मॅचचा. जायच्या आदल्या रविवारी सचिन म्हणाला, "काका, आज संपवून टाकू."

काकांनी मान हलवली. "राहू दे. काहीतरी बाकी असलं की परत येणं होतं."

शिल्पा तिथेच होती, त्यामुळे डीव्हीडी या घरात सुरक्षित नव्हती. काकूंनी ती रुमालात गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये घातली आणि कराडला नेली. इंटरनेटवर तो भाग कुठेतरी मिळाला असता. आमच्यापैकी कोणी शोधला नाही. निदान तसं कोणी कबूल केलेलं नाही.

आणि चार महिन्यांनी काकांना पुण्याला न्यावं लागलं. बायपास. मंदार मिळेल त्या विमानाने गेला. ऑपरेशनच्या दिवशी मी लॅबमध्ये होते, पण हातात एक काम टिकत नव्हतं. शिल्पाचे फोन येत होते, मी कोपऱ्यात जाऊन बोलत होते. हार्ट, सर्जरी, आयसीयू, व्हेंटिलेटर.

ज्यूडी माझ्याजवळ आली. जरा घुटमळली. मग हळूच विचारलं, "ही खरी आहे का, की ती टीव्हीवालीच?"

मी "खरी" म्हटलं आणि मला रडू फुटलं. तिने मला खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी केक आला. त्याच दिवशी दुपारी मंदारचा मेसेजही आला, बाबांनी डोळे उघडले, बोलले. तो केक आम्ही अख्ख्या लॅबला वाटला.

* * *

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि काका-काकू आले. काका निम्मे झाले होते, पण आपल्या पायांनी चालत विमानतळाबाहेर आले. मला इतकं हलकं वाटलं की मी पार्किंगचं तिकीट हरवलं.

रविवारी काकूंनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून डीव्हीडी. काका सोफ्याच्या मधोमध, छातीशी उशी धरून. आम्ही दोन्ही बाजूंना. अर्णव खाली गालिच्यावर. मागे काकूंचा लसूण.

मॅच अशी रंगली की खिचडी ताटात गार झाली. शेवटचे काही सेकंद. कोच ओठ चावतोय. पोराने बॉल फेकला, दिव्यांच्या उजेडात तो वर गेला, वरच गेला, सगळं गाव मान वर करून बघतंय.

आणि स्क्रीन काळी झाली.

लाइट गेले असं वाटून मी दिव्याकडे पाहिलं. दिवा चालू होता. सोफ्यामागे काकू उभ्या होत्या, हातात रिमोट.

"अगं, बॉल हवेत आहे!" काका कळवळले.

"असू दे बाकी."

काकूंनी रिमोट पोह्यांच्या डब्यात टाकला, झाकण लावलं, आणि लसणाच्या दोन्ही हातांचा टी करून काकांसमोर धरला.

काकांनी छातीशी धरलेली उशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी काय करशील?"

"अजून दोन टाइमआउट आहेत माझ्याकडे," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.