प्रणालीचं मनगट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय, तर हात गार पडलेत. हसू नका — गिटार शिकवणाऱ्याचे हात गार पडणं बरं नव्हे.

दादरला माझा छोटा क्लास आहे. प्रणाली लालबागहून यायची. चाळीत नळाला पाणी यायच्या आधी उठून स्केल्स वाजवायची, दांडीवरच्या पहिल्या फ्रेटपासून, म्हणजे पट्टीपासून, बाराव्यापर्यंत, वर-खाली. मग आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डमधले सूर एकेक सुटे करून. जे बसवायला मला वर्षं लागली, ते ती महिन्याभरात सफाईने वाजवू लागली. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण मनात एकच यायचं. ही पुढे गेली, की माझ्याकडे कोण येणार?

वाजवताना तिचं डावं मनगट फार वाकायचं. अंगठा गिटारच्या दांडीवर करकचून दाबलेला. बाकीच्यांना मी ओरडून सांगायचो — मनगट सरळ! तिला... तिला नाही सांगितलं. हो, मुद्दाम.

एकदा तिने मनगट धरून विचारलं, "सर, इकडे दुखतंय. थोडे दिवस थांबू का?"

मी म्हणालो, "दुखल्याशिवाय हात बसत नाही."

तिने मान डोलावली. गुरूला उलट विचारायचं नाही, हे तिच्या घरचं वळण. मला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मी बोललो. वर बोटं आणखी ताणणारे आर्पेजिओही दिले.

आता ती वाजवत नाही. डाव्या हाताने पाण्याची बादलीही उचलत नाही. डॉक्टरांना म्हणाली, मीच अति केलं. पण मोबाइलवर तिचं नाव दिसलं की मला धडकी भरते — कळलं असेल का? कुणी सांगितलं असेल? हल्ली मनगट कसं ठेवायचं, हे नेटवर कुणीही दाखवतं.

यंदा गुरुपौर्णिमेला ती पेढे घेऊन आली. वाकून एकाच हाताने पाया पडली. उठताना म्हणाली, "सर, खरं सांगा ना. माझं कुठे चुकायचं?"

क्लासमध्ये आम्ही दोघंच होतो.

"अगं, सगळ्यांचे हात सारखे नसतात," मी म्हणालो.

ती हसली. "आई पण तेच बोलते."

मग ती जिना उतरून गेली. मी एक पेढा खाल्ला.