पुरानंतरचा झाडू

भामरागडच्या बाजारात नदीकाठच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या लहानशा वस्तीतली, एक बाई गवताचे झाडू विकते. नाव मी कधी विचारलं नाही. एरवी एका झाडूसाठीही आम्ही तिच्याशी हुज्जत घालायचो. यंदा पूर ओसरला, घराघरांत गाळ राहिला. मिठाईवाला, बांगड्यावाला माशा मारत बसले आणि तिच्याभोवती झुंबड उडाली. ती मात्र नेहमीसारखीच प्रत्येक झाडू तळहातावर आपटून, भुसा पाडून मगच देत होती. शेवटचा माझ्या वाट्याला आला.

"बाई, यंदा धंदा जोरात! एखादा आपल्या घरी तरी ठेवायचा," मी हसत म्हणालो.

"झाडू माराले घर कुठी राह्यलं, भाऊ?"

तिने तोही आपटला, भुसा पाडला आणि पुढे केला.

मी घेतला. माझ्या घरात गाळ होता ना.