कडी लावून वाचलेली कादंबरी

चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात यंत्रं बनवणारा एक सरकारी कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं पर्सोनेल ऑफिसर होतो. कामगारांच्या रजा, बढत्या, भांडणं, सगळं माझ्या टेबलावर यायचं. सकाळी घर सोडायचो ते दिवेलागणीनंतर परतायचो. मग मुलीचा अभ्यास, आलंगेलं, सुट्टीच्या दिवशीही दिल्लीहून आलेल्या साहेबांची सरबराई. वाचनाचं वेड मला शाळेपासूनचं, पण त्याला दिवसात कुठं जागाच उरली नव्हती.

शेवटी जेवणाची सुट्टी मी त्यासाठी राखली. डबा भराभर संपवायचा, केबिनच्या दाराला आतून कडी घालायची, फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचा आणि कादंबरी उघडायची. पुस्तकं शहरातल्या मराठी मंडळाच्या कपाटातली. खराब होऊ नयेत म्हणून त्यांना मी खाकी कव्हर घालायचो. भोंगा झाला की पुन्हा साहेब.

त्याच सुमाराला बाहेरची यंत्रं देशात येऊ लागली आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. 'स्वेच्छानिवृत्ती' हा नवा शब्द कारखान्यात शिरला. माणसं कमी करायची हे ठरलेलं होतं, पण कोणती, ते मलाही माहीत नव्हतं. कामगारांना मात्र वाटायचं, सगळं मलाच माहीत आहे.

माझा शिपाई एकदा चाचरत म्हणाला, "साबजी, लोग पूछते हैं, दरवाज़ा बंद करके अंदर क्या होता है?"

मी हसलो. "बोल दो, साहब सोते हैं."

त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

थंडीतल्या एका सकाळी काही कंत्राटी कामगारांना फाटकावरूनच परत पाठवलं. हुकूम दिल्लीचा होता. दुपारपर्यंत कामगारांनी कारखान्यातली यंत्रं बंद पाडली. मी दोन वेळा खाली जाऊन बोलून आलो, शिव्या खाऊन आलो, आणि सुट्टी होताच कडी घालून वाचायला बसलो. डोकं भणभणत होतं, त्याला दुसरं औषध मला ठाऊक नव्हतं.

"ओए, खोल!" पाठोपाठ दारावर लाथ बसली. मी उठेपर्यंत कडी उखडली आणि पाचसहा जण आत घुसले. पुढं लेथवर काम करणारा एक तरणा टर्नर होता. बहिणीच्या लग्नासाठी त्याची रजा मीच मंजूर केली होती, लग्नानंतर त्यानं माझ्या टेबलावर बर्फीचा डबा आणून ठेवला होता. आज त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

"लिस्ट कहाँ है?"

"कौन सी लिस्ट?"

सळई माझ्या खांद्यावर बसली. हात लुळा पडला. त्यानं टेबलावरचं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक उचललं आणि भराभर पानं उलटली. अक्षरं हिंदीसारखी, शब्द कळेनात.

"देखो, मराठी में लिखी है! ताकि हम पढ़ न सकें! मेरा नाम किस पन्ने पे है, बोल!"

"किसी का नाम नहीं है," मी कसंबसं म्हणालो. "कहानी की किताब है."

त्याचा हात खाली आला. मला वाटलं, सुटलो. त्यानं पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा फिरला.

"हमारे घर उजड़ रहे हैं, और तू कहानी पढ़ रहा है?"

त्यानंतरचे घाव आधीच्यापेक्षा जोरात होते. एक बरगडीवर, एक गुडघ्यावर. मी खाली कोसळताना हाताला काचेचा पेपरवेट लागला आणि तो मी सगळ्या ताकदीनं त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. खोटं कशाला बोलू, तो आवाज मला आवडला. मग सळई माझ्या डाव्या डोळ्यावर आली.

इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. उजवा उघडेल, डावा गेला, असं डॉक्टरांनी बायकोला सांगितलं आणि तिनं मला. बायकोला वाचनाचं प्रेम नव्हतं. लोक उगाच दुसऱ्यांची दुःखं विकत घेऊन वाचतात, असं तिचं मत. तरी एका दुपारी ती मंडळातून तीच कादंबरी आणून उशाशी बसली आणि अडखळत मोठ्यानं वाचू लागली.

मधेच थांबून म्हणायची, "हा मेला बायकोला मारतोय, आणि तुम्ही म्हणताय वाच पुढं?"

एकदा मला गोष्टीचा संदर्भ लागेना. "पान गाळलंस काय गं?"

"गाळलं. त्यात मारामारी होती. तुमच्या अंगावर झाली तेवढी पुरे."

खटला उभा राहिला. कोर्टात मी त्या टर्नरकडं बोट दाखवलं, आणि आजही दाखवीन. त्याच्या वकिलानं मला विचारलं, "बंद कमरे में आप कर क्या रहे थे?"

"पढ़ रहा था. शौक से."

मागं कुणीतरी हसलं. टर्नर हसला नाही. त्याचे पुढचे दात नव्हते. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. पुढं कारखानाच बंद पडला आणि आम्हा बाकीच्यांचीही गेली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात टर्नरची आई माझ्यावर धावून आली. हातात चप्पल होती. ती माझ्या छातीवर, तोंडावर बडवत राहिली आणि मी भिंतीला टेकून मार खात राहिलो. मला हात उचलवेना. तेवढ्यात माझी बायको, जिनं उभ्या आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं, पुढं झाली आणि तिनं त्या बाईचे केस धरून तिला खाली ओढलं. दोघी फरशीवर पडल्या. पोलिसांनी सोडवलं तेव्हा दोघीही रडत होत्या.

घरी मुलगी वाट पाहत होती. शेजारच्या मुलानं तिला आधीच सगळं सांगितलं होतं.

"मम्मी, आपने सच में उनके बाल खींचे?"

"खेचले," बायको म्हणाली. गॅस पेटवायला ती काडी ओढत होती, काडी पेटेना. "आणि त्या बाईच्या जागी मी असते, तर मीही चप्पल काढली असती. जा, हातपाय धुऊन घे. जेवायला वाढते."