खऱ्या चेअरमनचा कौल

आमच्या वाशीच्या सोसायटीच्या माजी चेअरमनइतका देवाला घाबरणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका देवाला कामाला लावणाराही नाही. गृहस्थ मूळचे मालवणकडचे. "मी कसला चेअरमन? खरा चेअरमन तो बसलाय," असं म्हणत ते गेटजवळच्या काळ्या दगडाच्या गणपतीकडे बोट दाखवत. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी असे. चहाचा पहिला कप त्या खुर्चीपुढे जाई, आणि निवायच्या आत चेअरमनच तो प्रसाद म्हणून पिऊन टाकत.

कुठलाही ठराव असो, गावच्या रीतीनं ते देवाला कौल लावायचे. फुलाच्या दोन पाकळ्या भिजवून मूर्तीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग हात जोडून गाऱ्हाणं: "बा देवा गणराया, गेटजवळची पार्किंगची जागा चेअरमनाक गावांदे रे म्हाराजा!" आणि आम्ही एका सुरात, "होय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज एपीएमसीतल्या कांदेवाल्या शेटचा, कारण त्यांना मार्केट गाठायची घाई असायची.

पडायची उजवीच. न पडून सांगते कुणाला! डावी ते अंगठ्यानं दाबून बसवत आणि उजवी नुसती टेकवत. एकदा मी हळूच म्हटलं, "साहेब, उजवी जरा सैल वाटते." तर डोळे वटारून म्हणाले, "अरे मेल्या, देवाला काय कमी कामं आहेत? थोडी मदत आपण नको करायला?"

मग ते गाडीचं प्रकरण झालं. भर दुपारी कुणीतरी त्यांच्या कोऱ्या गाडीवर हातभर ओरखडा काढला, आणि वॉचमनमामा त्या वेळी खुर्चीत पेंगत होते. मामा साताऱ्याकडचे, चौदा वर्षं आमच्या गेटवर. नोकरी गेली की पंपामागची खोलीही जाणार, मग बायकोला घेऊन जायचं कुठं? पण चेअरमन नुसते धुमसत होते. "काढून टाका त्याला! लिहा ठराव!"

रविवारी सकाळी सगळे गणपतीपुढे जमलो. मामा टोपी हातात घेऊन बाजूला उभे. उजवी पडणार आणि मामांचं संपणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. आमचं "होय म्हाराजा" त्या दिवशी ओठांतल्या ओठांत झालं.

आणि डावी पडली.

"वाऱ्यानं पडली हो, परत लावा," कांदेवाले शेट म्हणाले.

चेअरमननी पाकळी उचलून कपाळाला लावली. "परत कसली लावताय? वरच्या साहेबांचा हुकूम झाला. मामा, ड्युटीवर जा. आणि पेंग आली तर तोंडावर पाणी मारा."

संध्याकाळी मी विचारलं, "साहेब, आज हात चुकला की काय?"

"चुकला नाय. आज दोन्ही सारख्या लावल्या." मग आवाज उतरला. "पार्किंगसाठी त्याला फसवलं, ते त्यानं खपवून घेतलं असेल. पण कुणाच्या पोटावर पाय द्यायचा, तर त्याला खरं विचारायला नको?"

आता ते गावी असतात. नवे चेअरमन हुशार आहेत. ठराव मोबाइलवर येतो, आम्ही अंगठे दाबतो, दोन मिनिटांत निकाल. देवाच्या खुर्चीवर फायली असतात.

परवा वॉचमन काढून सिक्युरिटी एजन्सी नेमायचा ठराव आला. मी चष्मा शोधून नकार दाबेपर्यंत तो पासही झाला होता. लाजत खाली गेलो. मामा गणपतीपुढचं निर्माल्य गोळा करत होते.

"जाऊ द्या सायेब," तेच मला म्हणाले. "आपलं जुनं चेअरमन आसतं, तर निदान देवाला इच्यारलं तरी आसतं."