नॉर्वेपर्यंतचा पाइप

माझ्या जावेच्या वडिलांनी समुद्राची जेवढी काळजी केली, तेवढी समुद्रानेही स्वतःची केली नसेल. परळच्या मिलमध्ये त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला. मिल बंद पडल्यावर पृथ्वीचा बॉयलर सांभाळायला घेतला. तो विषुववृत्तावर आहे. तिथे तापलेलं पाणी प्रवाहांतून लांब लांब जातं आणि जाईल तिथली हवा बदलतं, हे ते भेटेल त्याला समजावतात. आमच्या दादरच्या घरी काकांनी परातभर गार पाण्यात हळदीचं कढत पाणी अलगद सोडून गरम प्रवाह वरून कसा वाहतो ते दाखवलं. परात अजून पिवळी आहे. "पॅसिफिक तापलाय, ताई, यंदा पाऊस दगा देऊ शकतो," असं ते म्हणाले की मी पिंप भरून ठेवते. एकदा उपयोग झाला, एकदा डास झाले.

पण त्यांचा लाडका प्रवाह अटलांटिकमधला, कारण त्याच्या टोकाला त्यांची एकुलती एक मुलगी राहते, माझ्या दिरासोबत, नॉर्वेत. "मेक्सिकोकडून पाइप निघतो तो थेट पोरीच्या दारात. तिकडे ग्रीनलंड बघा, नुसता बर्फ. हिच्या बंदरात बर्फ धरत नाही." या भरवशावर त्यांनी काकूंना कधी एक स्वेटर पाठवू दिला नाही. काकू म्हणायच्या, "तुमच्या पाइपाला बाह्या आहेत का?" दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

यंदा मी नॉर्वेला निघाले. आदल्या दिवशी सकाळी काका गाठोडं घेऊन आले. आत काकूंच्या साड्यांची गोधडी होती, काकांनी स्वतः शिवलेली. टाके बॉयलरच्या रिव्हेटांसारखे, जाड आणि एका रेषेत.

"प्रवाहावरचा भरवसा उडाला का, काका?"

"भरवसा आहे. पण तो पुढेमागे मंदावेल असं वाचलं. आणि एका बॉयलरवर मिल चालवत नाहीत, ताई. बाजूला एक स्टँडबाय लागतो."

बॅग आधीच काठोकाठ भरलेली. गोधडी घालून ताणकाट्याला लावली तर दोन किलो जास्त. तिकडे घराघरात हीटर असतात, हे बॉयलरवाल्याला माहीत नसेल असं नाही. दिराने मुद्दाम मागितलेलं कुळथाचं पीठ आणि पापड बाहेर काढले, बॅग पुन्हा टांगली. काटा हलत हलत बरोबर आकड्यावर थांबला. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मिलमध्ये वाफेच्या गेजकडे बघत असतील तसे.